एक नदी, तीन खुर्च्या: इंजिनियर मंत्री डॉ. के. एल. राव आणि कृष्णेचं पाणी

मुंबईत बसून कृष्णा नदीबद्दल लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो की आपला काय संबंध, कृष्णा तर महाबळेश्वरला उगम पावून सातारा-सांगली करत कर्नाटकात जाते, पुढे तेलंगण-आंध्र आणि मग बंगालचा उपसागर. पण मुंबईची वीज शंभरेक वर्षं मोठ्या प्रमाणात याच खोऱ्यातल्या पाण्यावर चालत आलीय. खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 सालचं, त्यानंतर भिवपुरी आणि भिरा. ही तिन्ही वीजघरं ज्या धरणांवर चालतात ती घाटाच्या वरच्या अंगाला आहेत आणि ते पाणी मुळात भीमेत जाऊन पुढे कृष्णेला मिळणारं. मुळशी सत्याग्रह ज्या धरणासाठी झाला ते धरणही त्यातलंच. आणि 1962 पासून कोयना. म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्या, लोकल, घरातले दिवे, या सगळ्यात कृष्णा खोऱ्याचा वाटा होता आणि आजही आहे. म्हणून या प्रकरणाकडे मुंबईकराने थोडं नीट बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रकरण असं आहे. स्वातंत्र्यानंतर एक अतिशय हुशार इंजिनियर दिल्लीत केंद्राच्या जल आणि वीज आयोगात धरणांची डिझाईन करतो, नंतर कृष्णेच्या काठच्या मतदारसंघातून खासदार होतो आणि लगेच केंद्राच्या सिंचन आणि वीज खात्यात मंत्री होतो, आणि ते सुद्धा नेमकं त्याच काळात जेव्हा कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, तेव्हाचं म्हैसूर (म्हणजे आजचं कर्नाटक) आणि आंध्र यांच्यात जोरदार भांडण चालू आहे. डिझायनर, लोकप्रतिनिधी, मंत्री, तिन्ही खुर्च्या एकाच नदीच्या काठावर. अशा माणसाने काय करावं, आणि आपण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी?

आधी माणूस कोण ते सांगतो, कारण महाराष्ट्रात त्यांचं नाव जवळजवळ कुणाला माहीत नाही. कानुरी लक्ष्मण राव, जन्म 1902, गाव कंकिपाडू, विजयवाड्याच्या जवळ, कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात. वडील लहानपणीच गेले, शाळेत खेळताना झालेल्या इजेमुळे एका डोळ्याची दृष्टी गेली. तरीही मद्रासला गिंडीच्या कॉलेजात इंजिनियरिंग, मद्रास विद्यापीठाची इंजिनियरिंगमधली मास्टर्स डिग्री, मग रंगूनला शिकवणं, आणि पुढे इंग्लंडात बर्मिंगहॅमहून 1939 ला डॉक्टरेट. परत आल्यावर मद्रास सरकारात डिझाईनचं काम, तिथे गोदावरीवरच्या रामपादसागरचा (आजच्या पोलावरमचा पूर्वावतार म्हणा) अभ्यास. 1950 ला दिल्ली, आयोगात डिझाईनचे डायरेक्टर, नंतर चीफ इंजिनियर. म्हणजे मंत्री होण्याआधी या माणसाने देशातल्या मोठ्या धरणांची गणितं स्वतः तपासलेली होती, सह्या करून फाईल पुढे ढकलणारा साहेब नव्हता तो.

कृष्णेवरचं नागार्जुनसागर धरण हे त्यांच्या नावाशी सगळ्यात जास्त जोडलेलं काम. 10 डिसेंबर 1955 ला नेहरूंनी पायाभरणी केली. उंची सुमारे 124 मीटर, आणि मुख्य बांध काँक्रीटचा नाही तर दगडी बांधकामाचा. आज कुणी तरुण इंजिनियर विचारेल की एवढं मोठं धरण दगडात कशाला? तेव्हाची परिस्थिती बघा ना, सिमेंट कमी, परकीय चलन नाही, मोठी मशिनरी बाहेरून आणायला पैसे नाहीत, आणि दुसरीकडे काम मागणारे हजारो हात. दगड तिथेच मिळतो, पाथरवट मिळतात. मग असं डिझाईन करायचं की जे आपल्याकडे आहे त्यातून उभं राहील. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण परदेशातली पद्धत जशीच्या तशी उचलणं सोपं होतं. डॉ. राव यांचं इंजिनियर म्हणून खरं मोठेपण मला इथे दिसतं. अर्थात त्या जलाशयाखाली गावं गेली, लोक उठले, आणि त्या पिढीच्या इंजिनियर लोकांच्या हिशोबात विस्थापित हा एक छोटा कॉलम असायचा, हेही सांगायलाच हवं. मुळशी आणि कोयनेच्या धरणग्रस्तांना ते वेगळं सांगायची गरज नाही.

1962 च्या निवडणुकीत ते विजयवाड्यातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले. 1963 ला पद्मभूषण, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मंत्रिपद. मधल्या काळात मंत्रिपदाचा दर्जा बदलत राहिला, पंतप्रधान बदलले, नेहरू, शास्त्री, इंदिरा गांधी, पण हा माणूस 1973 पर्यंत त्याच खात्यात राहिला. दहा वर्षं एक खातं! विजयवाड्यातून 1967 आणि 1971 लाही तेच निवडून आले.

भांडण नक्की काय होतं

आता मुख्य मुद्दा. कृष्णेच्या पाण्याची पहिली वाटणी 1951 ला दिल्लीत झाली, तेव्हाची राज्यं होती मुंबई, मद्रास, हैदराबाद आणि म्हैसूर. म्हैसूरने त्या कराराला मान्यताच दिली नाही. नंतर 1956 ला राज्यांची पुनर्रचना, 1960 ला महाराष्ट्र. ज्यांच्यात वाटणी झाली होती त्यातली हैदराबाद आणि मुंबई ही राज्यं तर नकाशावरूनच गेली आणि बाकीच्यांच्या सीमा बदलल्या, मग तो करार कुणाला लागू? म्हैसूर आणि महाराष्ट्र दोघांनीही 60 च्या दशकाच्या सुरुवातीलाच केंद्राकडे लवाद नेमा अशी मागणी केली. केंद्राने आधी गुलहाटी यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला, त्याने 1962 ला सांगितलं की पाण्याच्या नोंदीच पुरेशा नाहीत, आणि गोदावरीचं जास्तीचं पाणी कृष्णेत आणता येईल. मग मार्च 1963 मध्ये तेव्हाचे सिंचन मंत्री हाफिज मोहम्मद इब्राहिम यांनी लोकसभेत तात्पुरती वाटणी जाहीर केली: महाराष्ट्र 400 टीएमसी, म्हैसूर 600, आंध्र 800. आणि चारच महिन्यांत खात्यात आले डॉ. राव.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर महापालिका रोज साधारण 3,900 दशलक्ष लिटर पाणी शहराला देते, त्या हिशोबाने 1 टीएमसी म्हणजे मुंबईचं आठवड्याभराचं पाणी. आता 400 आणि 800 मधला फरक किती मोठा आहे ते डोळ्यासमोर येईल.

1956 च्या आंतरराज्य जलविवाद कायद्यात एक मेख होती. राज्याने मागणी केली तरी केंद्राचं मत व्हायला हवं की हा वाद बोलणी करून सुटत नाही, तेव्हाच लवाद नेमायचा. आणि ते मत किती दिवसांत बनवायचं याला काही मुदत नव्हती. म्हणजे बोलणी चालू आहेत असं म्हणत राहिलं की लवाद नाही. लवाद प्रत्यक्षात नेमला गेला 10 एप्रिल 1969 ला, न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली. मधली सहा वर्षं हा या प्रकरणाचा गाभा आहे.

या सहा वर्षांत खाली आंध्रात काय झालं? जुलै 1963 मध्येच कृष्णेवरच्या श्रीशैलम धरणाची पायाभरणी, वीज प्रकल्प म्हणून. नागार्जुनसागरचं काम पुढे सरकत राहिलं आणि ऑगस्ट 1967 ला कालव्यात पाणी सोडलं गेलं. वर महाराष्ट्रात आणि म्हैसूरमध्ये मात्र कृष्णेवरच्या प्रत्येक नवीन प्रकल्पाच्या मंजुरीसाठी दिल्लीकडे डोळे. पाणीवाटपात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ज्याचं पाणी आधी वापरात आलं त्याचा हक्क नंतर काढून घेणं कुठल्याच लवादाला जमत नाही, शेतात उभ्या पिकाचं पाणी कोण तोडणार. म्हणजे उशीर हा सगळ्यांना सारखा नसतो, ज्याचं धरण आधी बांधून तयार त्याला उशिराचा फायदा.

आता इथे मला सरळ बोलायचंय. डॉ. राव यांनी मुद्दाम आंध्राची बाजू घेऊन लवाद रखडवला असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही आणि मी तसं म्हणतही नाही. निर्णय एकट्या मंत्र्याचा नसतो, मंत्रिमंडळ असतं, पंतप्रधान असतात, आणि त्या काळात चीनशी नुकतंच झालेलं युद्ध, मग पाकिस्तानशी युद्ध, दुष्काळ, अन्नधान्याची टंचाई, हे सगळं चालू होतं. शिवाय इंजिनियर म्हणून त्यांना मनापासून वाटत असणार की पाण्याचा प्रश्न तज्ञांनी टेबलावर बसून सोडवावा, वकिलांच्या हातात दिला की वर्षानुवर्षं चालणार (आणि ते काही चूक नाही, बच्छावत लवादाला पहिला निकाल द्यायला साडेचार वर्षं लागलीच). पण माणूस कितीही प्रामाणिक असला तरी जो माणूस नागार्जुनसागरच्या डिझाईनमागे आहे, ज्याला मतं देणारा शेतकरी कृष्णेच्या कालव्यावर भात पिकवतो, तोच माणूस महाराष्ट्राला आणि म्हैसूरला सांगणार की तुमचं पाणी इतकंच, तर सांगली-सोलापूरच्या शेतकऱ्याने विश्वास कसा ठेवायचा? शंका येणं अगदी साहजिक होतं. उद्या आपल्याकडचा एखादा कराडचा खासदार त्या खुर्चीत बसला असता तर आंध्राने हेच म्हटलं असतं, आणि बरोबरच म्हटलं असतं.

कोयनेचा मुद्दा आणि मुंबई

महाराष्ट्राच्या बाजूला एक गोष्ट होती जी आंध्राला अजिबात पटत नव्हती, ती म्हणजे पाणी पश्चिमेला वळवणं. कोयनेचं पाणी नैसर्गिकरित्या कराडला कृष्णेला मिळतं आणि पूर्वेला जातं. आपण काय केलं, शिवाजीसागर जलाशयातून बोगद्याने ते सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं. पाणी साधारण पावणेपाचशे मीटर खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि मग अवजल म्हणून वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. तेच पाणी पूर्वेला सोडलं तर नागार्जुनसागरच्या पायथ्याला त्याला शंभरेक मीटरची उंची मिळते. म्हणजे दर घनफूट पाण्यामागे वीज पश्चिमेलाच कितीतरी पट जास्त. महाराष्ट्राचं म्हणणं हे, की देशाला वीज हवीय आणि मुंबईसारखं औद्योगिक शहर त्यावर चालतंय. आंध्राचं म्हणणं, की खोऱ्यातलं पाणी खोऱ्याबाहेर काढून समुद्रात ओतायचा अधिकार कुणी दिला, आमची शेतं आहेत खाली. दोन्ही मुद्दे खरे आहेत. इथे गणित येणारा माणूस फक्त एवढं सांगू शकतो की पश्चिमेला किती युनिट आणि पूर्वेला किती एकर. युनिट मोठं की एकर मोठा हे गणितात बसत नाही, ते ठरवायला दोन्ही बाजूंना मान्य असलेला तिसरा माणूस लागतो.

लवादाने शेवटी कोयनेच्या पश्चिमेकडच्या वळवणीला मर्यादा घातली, टप्प्याटप्प्याने कमी करत 67.5 टीएमसी. वरच्या हिशोबाने मुंबईचं सोळा महिन्यांचं पाणी झालं ते, दर वर्षी. आजही मुंबईला पाणी कमी पडलं की कोयनेचं अवजल मुंबईला आणायची योजना चर्चेत येते, तिचं मूळ इथे आहे.

डॉ. राव मंत्री असतानाच 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. 175 च्या वर माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, वीजघर बंद पडलं आणि मुंबईच्या कारखान्यांना मोठा फटका बसला. या भूकंपाने आपल्याकडच्या धरण इंजिनियरिंगची एक समजूत मोडली. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही, असं धरून कोयनेच्या डिझाईनमध्ये भूकंपासाठी 0.05 गुणांक (म्हणजे धरणाच्या वजनाच्या पाच टक्के इतका आडवा जोर) घेतला होता. धरणाच्या आतल्या यंत्रावर नोंदलेला धक्का त्याच्या दसपटीच्या आसपास. तरी धरण उभं राहिलं, ही बांधणाऱ्यांची कमाल. पण भेगा पडल्या, आणि त्या कुठे पडल्या तर मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास, वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंनी. नंतर मागून काँक्रीटचा आधार देऊन ते ब्लॉक मजबूत केले गेले. आज जगभरात धरणांच्या भूकंप अभ्यासात कोयनेचं उदाहरण घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. अशा प्रसंगी खात्यात समोरचा नकाशा वाचता येणारा मंत्री असणं किती मोलाचं असेल ते वेगळं सांगायला नको.

विजेच्या बाजूला त्यांच्या काळात झालेली कामं मी भराभर सांगतो, कारण त्यावर फारसा वाद नाही. 1964 ला देशाचे पाच विभाग करून प्रादेशिक वीज मंडळं आली, आजच्या राष्ट्रीय ग्रिडची ती पायरी. 1969 ला ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं आणि शेतपंपांना वीज देण्याच्या कामाला पैसा मिळाला. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याचं बरंचसं काम याच दशकात झालं.

गंगा-कावेरी

आता ज्या गोष्टीसाठी डॉ. राव यांचं नाव अजून घेतलं जातं ती म्हणजे गंगा-कावेरी जोड कालवा. 1972 चा प्रस्ताव. महाराष्ट्रात तेव्हा भीषण दुष्काळ, लोक खडी फोडायच्या कामावर. प्रस्ताव असा की पाटण्याजवळ गंगेचं पुराचं 60,000 क्युसेक (म्हणजे सेकंदाला 60,000 घनफूट) पाणी वर्षात 150 दिवस उचलायचं, त्यातलं 50,000 क्युसेक दक्षिणेला न्यायचं, 2,640 किलोमीटर लांब, शोण, नर्मदा, तापी, गोदावरी, कृष्णा, पेन्ना अशी खोरी ओलांडत कावेरीपर्यंत. आणि मध्ये विंध्य ओलांडायला पाणी 549 मीटर वर चढवायचं.

यातला एकच आकडा आपण हातात घेऊन बघू. 50,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 1,416 घनमीटर. ते 549 मीटर चढवायला, पंपाचा आणि कालव्याचा काहीही तोटा न धरता, साडेसात हजार मेगावॉटच्या वर वीज लागते. सरकारी अभ्यासात 5,000 ते 7,000 मेगावॉट असा अंदाज दिला गेला. आणि 1973-74 ला अख्ख्या देशाची स्थापित वीज क्षमता होती साधारण 16,600 मेगावॉट! म्हणजे देशातली जवळपास निम्मी वीज एका कालव्याच्या पंपांना, आणि ती सुद्धा वर्षातले पाच महिने, बाकी सात महिने ते पंप बंद. पुढे केंद्रीय जल आयोगाने तपासल्यावर खर्चाचा अंदाज फार कमी धरलेला आहे आणि पूरनियंत्रणाचा फायदाही नाही असं निघालं आणि प्रस्ताव बाजूला ठेवला गेला.

पण मला यात त्या माणसाची धडपड दिसते. दहा वर्षं खात्यात काढल्यावर त्यांना कळलं असणार की कृष्णेत जेवढं पाणी आहे त्यात तिघांचं समाधान होणं शक्य नाही. मग इंजिनियरचं मन काय म्हणतं, वाटणी जमत नसेल तर पाणी वाढवा. बाहेरून आणा. म्हणजे कुणाला नाही म्हणायची वेळच येणार नाही. माझ्या मते गंगा-कावेरी हा प्रस्ताव कृष्णेच्या भांडणातून सुटायचा त्यांचा मार्ग होता, आणि त्यात त्यांची तळमळ पूर्ण खरी होती. फक्त वाटणीचा प्रश्न त्याने सुटत नव्हता, तो सहा खोऱ्यांत पसरत होता, कारण मधल्या प्रत्येक राज्याने म्हटलंच असतं की आमच्या दारावरून पाणी जातंय तर आम्हाला किती?

लवादाने काय केलं

डॉ. राव मंत्रिपदावरून गेले 1973 ला, आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला बच्छावत लवादाचा निकाल आला. 75 टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे चारपैकी तीन वर्षं तरी नक्की मिळेल असं, 2,060 टीएमसी पाणी धरलं. वाटणी महाराष्ट्र 560, कर्नाटक 700, आंध्र 800. पुन्हा वापरात येणाऱ्या पाण्याचा (शेताला दिलेल्या पाण्यातलं जे झिरपून परत नदीत येतं त्याचा) वाटा वेगळा.

हे आकडे 1963 च्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. आंध्र तेव्हा 800, आता 800. महाराष्ट्र 400 वरून 560. कर्नाटक 600 वरून 700. म्हणजे आंध्राचा एकही टीएमसी कमी झाला नाही, आणि वरच्या दोन राज्यांना मिळून 260 टीएमसी जास्त मिळालं. ते पाणी नवीन आलं नव्हतं, नदी तीच, पाऊस तोच. फरक पडला तो नोंदी नीट मांडण्याने, 1894-95 पासूनच्या 78 वर्षांच्या प्रवाहाचे आकडे तिन्ही राज्यांसमोर उलटतपासणी करून मान्य करण्याने. आणि या नोंदी कुठल्या, तर विजयवाड्याच्या, जिथे 1855 सालापासून कृष्णेवर बंधारा आहे, म्हणजे डॉ. राव यांच्याच मतदारसंघातल्या.

माझं म्हणणं इतकंच आहे की हे काम 1963 ला सुरू होऊ शकलं असतं. आकडे तेव्हाही बरेचसे होते, कायदाही होता. डॉ. राव यांनी खात्यात आल्या आल्या सांगितलं असतं की बाकी सगळं मी बघतो, पण कृष्णेची फाईल माझ्या टेबलावर नको, ती आजच लवादाकडे द्या, तर महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्याची काही वर्षं वाचली असती आणि त्यांच्या स्वतःच्या नावावर महाराष्ट्र-कर्नाटकातून कधी शंका आली नसती. त्यांच्यासारख्या ज्ञानी माणसाला खात्याबाहेर ठेवणं हा काही यावरचा उपाय नाही, असा माणूस देशाला पुन्हा मिळाला तर मी म्हणेन त्यालाच मंत्री करा, फक्त त्याच्या नदीचा वाद त्याच्याकडे देऊ नका.

2002 ला कायदा बदलला, आता राज्याने मागणी केल्यावर केंद्राने एका वर्षात लवाद नेमायचा आहे. 2004 ला कृष्णेसाठी दुसरा लवाद नेमला गेला, आणि 2014 ला तेलंगण झाल्यावर आंध्र आणि तेलंगण यांच्यातली वाटणीही त्याच्यासमोर गेली. डॉ. राव 1986 ला गेले. विजयवाड्याच्या वरच्या बाजूला पुलिचिंतला इथे झालेल्या धरणाला त्यांचं नाव दिलंय, डॉ. के. एल. राव सागर, आणि त्या धरणात पाणी किती अडवायचं यावर आता दोन तेलुगू राज्यांचं भांडण चालू असतं.